कळसूबाईची हिवाळी पहाट: ढगांच्या वरून सूर्योदय पाहायला निघण्याआधीचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळीचे आकाशकंदील उतरले की मला ओळखीच्यांचे तेच ते मेसेज सुरू होतात. "या शनिवारी ढग मिळतील का?" "रात्री किती वाजता निघू?" "बायकोला शिड्यांची भीती वाटते, चालेल का?" गेली बरीच वर्षं हिवाळ्यात एक-दोनदा तरी बारी गावातून वर जातो, त्यामुळे उत्तरं आता पाठ झाली आहेत. ती एकदाची लिहून ठेवतो.

कळसूबाई नेमकी कुठे, आणि किती उंच?

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याच्या अकोले तालुक्यात, अगदी नाशिक जिल्ह्याच्या हद्दीला खेटून. उंची 1646 मीटर. महाराष्ट्रात याहून उंच शिखर नाही. दुसऱ्या नंबरवरचा साल्हेर 1567 मीटरचा आहे. पायथ्याचं गाव बारी, घोटी–भंडारदरा रस्त्यावर. गावातून माथ्यापर्यंत साधारण आठ-नऊशे मीटरचा उभा चढ आणि एका बाजूने साडेसहा किलोमीटरच्या आसपास चाल.

सगळा परिसर कळसूबाई–हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. गावात शुल्क मागितलं तर हुज्जत न घालता भरा आणि पावती घ्या. सुटे पैसे जवळ असू द्या, पहाटे तीनला पाचशेची नोट कोण मोडणार?

पावसाळा संपला, मग हिवाळ्यात ढग येतात कुठून?

खरं सांगायचं तर ते ढग नसतात. खोऱ्यात साचलेलं धुकं असतं, आपण वरून बघतो म्हणून त्याचा समुद्र दिसतो. गावातली माणसं त्याला सरळ "धुई" म्हणतात.

एरवी जसजसं वर जावं तसतशी हवा गार होते, ढोबळमानाने दर हजार मीटरला साडेसहा अंशांनी. हिवाळ्याच्या रात्री हे गणित खालच्या थरात उलटं होतं. आकाश निरभ्र असलं की जमीन दिवसभराची ऊब भराभर सोडून देते आणि तिला टेकलेली हवाही गारठते. गार हवा जड, म्हणून ती उतारावरून घरंगळत खोऱ्याच्या तळाशी जाऊन बसते. वर उबदार हवेचं झाकण बसतं आणि खालची गार, दमट हवा कोंडून राहते. तिच्यातल्या बाष्पाचे थेंब झाले की धुकं. भंडारदऱ्याच्या जलाशयासारखं मोठं पाणी शेजारी असलं की बाष्पाला तोटा नसतो.

हा उलटा कारभार महाराष्ट्राला नवीन नाही. महाबळेश्वरात बाजारपेठेत नुसती थंडी असते तेव्हा खाली वेण्णा तलावाकाठी दव गोठल्याचे फोटो पेपरात येतात. निफाडचा पारा नाशिक शहराच्या खाली जातो, ही तर दर हिवाळ्यातली बातमी. दोन्हीकडे कारण तेच, गार हवा सखल जागी साचते.

पावसाळ्यात ढग माथ्यावरच बसलेला असतो. तुम्ही इतकं चढून जाता आणि त्याच्या पोटात शिरता, दहा फुटांपलीकडे काही दिसत नाही. हिवाळ्यात धुकं दरीच्या तळाशी राहतं आणि माथा मोकळा. वरून ढग बघायचे तर जावं हिवाळ्यातच.

म्हणजे डिसेंबर-जानेवारीत कधीही गेलं तरी ढग मिळणार?

नाही. इथेच बहुतेकांची फसगत होते. समाजमाध्यमांवर "हिवाळा स्पेशल" म्हणून फिरणारे निम्मे फोटो सप्टेंबर-ऑक्टोबरचे असतात. ओळखायची खूण सांगतो: फोटोत गवत हिरवं आणि सोनकीची पिवळी फुलं दिसली तर तो हिवाळा नव्हे. डिसेंबरात कळसूबाईवरचं गवत वाळून सोनेरी झालेलं असतं.

माझ्या अनुभवाने दिवाळीनंतरचे पहिले चार-पाच आठवडे सर्वांत बरे. जमिनीत ओल शिल्लक असते, भातखाचरं नुकती निघालेली असतात, ओढे अजून वाहत असतात. जानेवारीत उत्तरेकडून कोरडी हवा आली की धुकं विरळ होतं, दरीत नुसता निळसर धुरकट पडदा राहतो. मात्र मध्येच अवकाळी पाऊस पडून गेला आणि त्यानंतर आकाश उघडलं, तर पुढच्या एक-दोन पहाटा सोडू नका. मला मिळालेली सर्वांत सुंदर सकाळ अशीच होती.

आदल्या संध्याकाळी काही अंदाज बांधता येतो का?

थोडाफार. तीन गोष्टी बघतो: आकाश निरभ्र, वारा पडलेला, हवेत ओलसरपणा. वारा असेल तर धुकं बसतच नाही, कारण वरची-खालची हवा ढवळली जाते. रात्री नऊ-दहाला गाडीच्या टपावर बोट फिरवून बघा. बोट ओलं झालं तर आशा आहे.

त्याहून खात्रीचा उपाय म्हणजे गावात विचारणं. ज्यांच्याकडे मी उतरतो ते मामा पहाटे अंगणात उभे राहून एकदा खाली बघतात. "धुई बसलीय खाली. आज बरंय तुमचं." त्यांचा अंदाज माझ्या फोनवरच्या तिन्ही हवामान ॲपपेक्षा जास्त वेळा बरोबर आला आहे.

किती वाजता निघायचं?

उलटं मोजत या. डिसेंबरच्या उत्तरार्धात इथे सूर्योदय साधारण सातच्या सुमारास होतो. गंमत म्हणजे सर्वांत उशिराचा सूर्योदय 21-22 डिसेंबरला नसतो. दिवस वाढायला लागले तरी सकाळ आणखी लांबत जाते आणि जानेवारीच्या मध्याला सव्वासातच्या जवळ पोहोचते. माथ्यावर क्षितिज खाली गेलेलं असल्याने सूर्य तीन-चार मिनिटं आधी दिसतो, ते वेगळंच.

पण बघण्यासारखा भाग सूर्य वर येण्याआधीचा असतो. तांबडं फुटल्यापासून पहिली किनार दिसेपर्यंतचा अर्धा-पाऊण तास. म्हणून सव्वासहाला माथ्यावर असावं. अंधारात सवयीच्या माणसाला तीन तास, नवख्याला साडेतीन ते चार. शनिवार-रविवारी शिड्यांपाशी रांग लागते, तिला अर्धा तास. म्हणजे सवयीच्या माणसाने बारीतून अडीचच्या आसपास निघावं, आडवारी तीनला. नवख्याने त्याआधी अर्धा-पाऊण तास.

याहून लवकर निघू नका. मी ही चूक पहिल्याच खेपेला केली. ग्रुपमधले सगळे जोशात, साडेबाराला चढायला लागलो आणि सव्वाचारला वर. घामाने भिजलेला शर्ट, बोचरा वारा, आणि उजाडायला दोन तास. देवळाच्या भिंतीच्या आडोशाला सहा जण एकाच चादरीत दातखिळी बसल्यासारखे बसलो होतो. सूर्य उगवला तेव्हा आमच्यातले दोघे झोपले होते आणि बाकीच्यांना फक्त खाली जायचं होतं.

मुंबईहून शेवटच्या कसारा लोकलने निघालो तर सूर्योदय गाठता येईल?

माझ्या हिशोबात नाही. ती गाडी कसाऱ्याला पहाटे तीनच्या सुमारास टेकते. तिथून जीप ठरवून, इगतपुरी-घोटीवरून बारीला पोहोचायला किमान दीड तास. साडेचारला चढायला लागलात तर सूर्य शिडीवर लटकलेल्या अवस्थेत बघाल. ही लोकल पावसाळी ट्रेकसाठी ठीक आहे, या कामाची नाही. संध्याकाळची गाडी पकडा, बारीत एखाद्या घरी जेवा, चार तास झोपा. पुणेकरांनी नारायणगाव–संगमनेर–अकोले–राजूर असं यावं आणि तेही उजेडी पोहोचावं. रात्रभर गाडी चालवून लगेच चढायचं आणि पुन्हा उतरून गाडी चालवायची, हा प्रकार मला शिडीपेक्षा धोक्याचा वाटतो.

रात्री वाट चुकेल का?

मळलेली वाट आहे, शनिवारी रात्री तर टॉर्चची रांगच दिसते. चुकण्याचा संभव सुरुवातीला, गाव सोडून शेताच्या बांधांवरून जाताना. तिथे दोन-तीन पायवाटा फुटतात. पहिल्यांदाच जात असाल तर गावातला एखादा वाटाड्या घ्या. त्याला रोजगार मिळतो आणि तुम्हाला डोंगरांची नावं कळतात.

टॉर्च डोक्याला बांधायचा घ्या. मोबाईलचा दिवा लावून एक हात अडकवून शिडी चढणारे बघितले की माझ्याच पोटात गोळा येतो. आणि पठारावर आलात की दोन मिनिटं सगळे दिवे बंद करून मान वर करा. डिसेंबरात पहाटे चारला मृग पश्चिमेला कललेलं असतं, उत्तरेला सप्तर्षी उंच चढलेले, पूर्वेकडे स्वाती आणि चित्रा.

शिड्यांची भीती वाटते. किती अवघड आहेत?

लोखंडी शिड्या तीन-चार टप्प्यांत आहेत, जिथे कातळ उभा आहे फक्त तिथेच. भक्कम आहेत, कठडे आहेत. एकेकाळी लोक याच जागा साखळ्या धरून चढायचे, साखळ्या काही ठिकाणी अजून आहेत. अंधाराचा एक फायदा सांगतो: खालची दरी दिसत नाही. माझी बहीण रात्री बिनधास्त चढली, आणि सकाळी उतरताना त्याच शिडीच्या तोंडाशी वीस मिनिटं बसून राहिली.

हिवाळ्यातली खरी अडचण वेगळीच. दवाने लोखंड ओलं आणि बर्फासारखं गार झालेलं असतं. उघड्या हाताने धरवत नाही, आणि लोकरीच्या हातमोज्यांनी धरलं तर सटकतं. तळव्याला रबराचे ठिपके असलेले कामाचे सुती हातमोजे हार्डवेअरच्या दुकानात स्वस्तात मिळतात, तेच न्या. एका वेळी शिडीच्या एका टप्प्यावर एकच माणूस, आणि उतरताना तोंड शिडीकडे. एवढं पाळलं तर पुरे.

थंडी किती? कपडे काय?

पहाटे माथ्यावर पारा दहाच्या खाली जातो, आणि वारा सुटला की त्याहून जास्त झोंबतं. चढताना मात्र घामाच्या धारा लागतात. म्हणून अंगावर एकच पातळ शर्ट, आणि पाठीवरच्या पिशवीत कोरडा बनियन, स्वेटर, कानटोपी, वारा अडवणारं जॅकेट. वर पोहोचल्या पोहोचल्या, घाम वाळायच्या आत, ओला कपडा काढून कोरडा घाला. लाज वाटते म्हणून न बदलणारे पुढचा तासभर कुडकुडतात. जीन्स नको. दोन लिटर पाणी. शेवटच्या शिडीखाली विहीर आहे, पण ते पाणी थेट पिऊ नका.

सूर्य कुठून उगवतो? उभं कुठे राहायचं?

सरळ पूर्वेला नाही. डिसेंबरात सूर्य पूर्वेपासून जवळपास पंचवीस अंश दक्षिणेकडे सरकलेला असतो, म्हणजे आग्नेयेकडे, राजूर-अकोल्याच्या अंगाला. त्याच्या उजव्या हाताला खाली भंडारदऱ्याचं पाणी. प्रवरेवरचं हे धरण 1926 साली पूर्ण झालं. धुकं भरपूर असेल तर ना धरण दिसतं ना गावं. एखाद्या टेकाडाचं डोकं तेवढं बेटासारखं वर असतं.

पहिली दहा मिनिटं जे दिसतं ते असं: खालचा पांढरा पसारा आधी राखाडी असतो, थिजलेल्या दुधावरच्या सायीसारखा. मग त्यावर हलका जांभळा रंग चढतो. सूर्याची कड दिसली की सायीवरचे उंचवटे तेवढे केशरी होतात आणि खळगे निळे राहतात, तेव्हा कळतं की हे सपाट नाही, यात लाटा आहेत. नीट बघत राहिलात तर त्या हलतातही. धुकं एखाद्या खिंडीपाशी येऊन थबकतं आणि मग पलीकडे सांडायला लागतं, अगदी आवाज न करता. खालून कोंबड्याचं आरवणं ऐकू येतं, गाव दिसत नाही.

आता सगळे पूर्वेकडे तोंड करून मोबाईल उंचावत असतात. तुम्ही मागे वळा. पश्चिमेला अलंग, मदन आणि कुलंग यांचे कातळमाथे आधी गुलाबी, मग तांबूस होतात. आणि त्यांच्या उजवीकडे, इगतपुरीच्या बाजूला, कळसूबाईची सावली पडलेली असते: भलामोठा, टोकदार, निळा त्रिकोण. डोंगराचा आकार कसाही असो, लांबवर जाणारी सावली रेल्वेच्या रुळांसारखी निमुळती होत गेल्यासारखी दिसते, म्हणून त्रिकोण. सूर्य चढेल तसा तो आखडत तुमच्या पायाकडे येतो. मला सूर्योदयापेक्षा हाच खेळ आवडतो.

दक्षिणेला रतनगड, त्याचं नेढं (कातळातलं आरपार भोक) आणि बाजूचा खुटा नावाचा सुळका ओळखता येतात. त्यामागे हरिश्चंद्रगड. हवा अगदी स्वच्छ असेल तर उत्तरेला सातमाळा रांगेतला धोडपही दिसतो.

इंद्रवज्र दिसतं का?

नशीब जोरावर असेल तर. त्यासाठी सूर्य पाठीशी, धुकं समोर आणि आपल्यापेक्षा खाली लागतं. मग आपल्या सावलीच्या डोक्याभोवती रंगीत गोल कडं उमटतं. गंमत अशी की प्रत्येकाला ते स्वतःच्याच डोक्याभोवती दिसतं. ब्रिटिश अधिकारी कर्नल साईक्सने 1835 साली हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावरून ते पाहिल्याची नोंद आहे. कोकणकडा पश्चिमेकडे तोंड करून उभा असल्याने तिथे धुकं कड्याखाली आणि सूर्य मागे असं सकाळीच जुळतं. कळसूबाईवर सूर्य उगवल्यानंतर अर्ध्या-पाऊण तासाने, धुकं पश्चिम उतारावर चढून आलं असेल तर. मला आजवर एकदाच दिसलं, तेही दोन मिनिटं, आणि तेव्हा फोनची बॅटरी संपली होती.

इतकं चढून गेलो आणि ढगच नाहीत. मग?

मग डोंगर दिसतात. धुकं नसलेल्या कोरड्या सकाळी जितके किल्ले मोजता येतात तितके धुक्याच्या दिवशी येत नाहीत. एका जानेवारीत आम्ही एकोणीस मोजले, त्यातल्या तीनवर अजून वाद चालू आहे.

माथ्यावरच्या देवळाबद्दल सांगाल?

अगदी छोटं देऊळ, आत तीन-चार माणसं कशीबशी मावतात. कळसूबाई ही इथल्या महादेव कोळी समाजाची श्रद्धेची देवता. गोष्ट अशी सांगतात की कळसू नावाची मुलगी इंदोरे गावी एका घरी कामाला राहिली, पण अट घातली: झाडलोट करणार नाही, भांडी घासणार नाही. एक दिवस तिला नेमकं तेच काम सांगितलं. तिने ते केलं आणि डोंगरावर निघून गेली, ती परत आलीच नाही. वाटेवर जिथे तिने भांडी घासली ती जागा 'थाळेमेळ' म्हणून ओळखतात. नवरात्रात इथे जत्रा भरते, आणि नऊवारी नेसलेल्या आज्या अनवाणी शिड्या चढताना दिसतात. आपल्या भारी बुटांची तेव्हा थोडी लाज वाटते.

पायताण बाहेर काढा, आणि देवळाच्या भिंतीला पाठ टेकून खाणं-पिणं मांडू नका. गावकरी बोलत नाहीत, पण त्यांना ते आवडत नाही.

शेकोटी, तंबू, ड्रोन, स्पीकर?

शेकोटी अजिबात नको. हिवाळ्यात गवत पेट्रोलसारखं पेटतं आणि वणवा लागला तर खालच्या गुरांचा चारा जातो. ड्रोन अभयारण्यात परवानगीशिवाय उडवता येत नाही. तंबू गावात लावा, अंगण देणारे बरेच आहेत. स्पीकर नाही.

मुलं, आई-वडील सोबत येऊ शकतात का?

चालायची सवय असलेली दहा-बारा वर्षांची मुलं आरामात येतात, फक्त शिडीवर पुढे-मागे मोठं माणूस हवं. गुडघ्याचं दुखणं असलेल्यांनी चढाचा नाही, उताराचा विचार करावा. ज्यांना चढणं जमत नाही त्यांच्यासाठी पायथ्याकडे देवीचं देऊळ आहे. तिथून दर्शन घेऊन परतणारेही बरेच असतात. कुणाला काही झालंच तर 112, पण वाटेवर सगळीकडे रेंज असेल हे गृहीत धरू नका.

गर्दी नको असेल तर?

मंगळवार-बुधवारी जा. 31 डिसेंबरच्या रात्री तर चुकूनही नको. सुट्टी जुळत नसेल तर राजगडाची सुवेळा माची बघा. ती पूर्वेकडे पसरलेली आहे आणि खाली गुंजवणीच्या खोऱ्यात धुकं छान भरतं.

उतरताना काय सांभाळायचं?

पाय. चढताना कोणी पडत नाही, उतरताना वाळक्या गवतावर आणि घसाऱ्यावर पडतात. झोप झालेली नसते, सूर्य डोळ्यांवर येतो, आणि "झालं आता" म्हणून पावलं सैल पडतात. आठच्या आत उतरायला लागा. साडेआठनंतर धुकं विरतं, ऊन तापतं आणि शिड्यांवर वर येणाऱ्यांची झुंबड उडते.

खायला काय मिळतं?

वाटेवर झापाची छोटी हॉटेलं आहेत. उतरताना चहा, लिंबू सरबत, कांदाभजी, मॅगी मिळते. दर खालच्यापेक्षा जास्त असतो, कारण पाण्याचा प्रत्येक ड्रम आणि प्रत्येक सिलिंडर कुणीतरी डोक्या-खांद्यावरून त्याच शिड्यांनी वर आणलेला असतो. घासाघीस करू नका. प्लॅस्टिकची बाटली परत खाली आणा.

पण पोट भरू नका. पिठलं-भाकरी बारीत उतरून खायची, आणि ती निघायच्या आधी, आदल्या रात्रीच सांगून ठेवायची. किती माणसं, किती वाजता, हे मावशींना नीट सांगा. आम्ही एकदा "सहा जण, साडेदहा" असं सांगून पावणेबाराला पोहोचलो. चूल विझली होती आणि भाकऱ्या फडक्यात गुंडाळून ठेवलेल्या होत्या. मावशी काही बोलल्या नाहीत, पिठलं पुन्हा गरम केलं, आणि ठेचा मात्र नेहमीपेक्षा जास्तच तिखट वाढला.